४० दिवस, तीन माणसं आणि एक फोर-बाय-फोर : गाडी कोणती, तयारी काय?

ऋजुता_कर्वेनगर (८ जून, रात्री १०.१५)

नमस्कार मंडळी,

गेली कित्येक वर्षं नुसता बोलण्यात असलेला बेत या वर्षी पक्का केला आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यातून निघायचं. उदयपूर, हिस्सार, चंदीगड करत नारकंड्याला चढायचं, किन्नौरमधून नाको, ताबो, काझा. मग कुंझुम खिंड ओलांडून केलाँग, सरचू, त्सो कार, हानले आणि लेह. परतताना कारगिल-श्रीनगर. जाऊन-येऊन ४० दिवस धरले आहेत.

माणसं तीन. मी, नवरा आणि माझे बाबा. बाबा ७१ वर्षांचे आहेत, एसटीच्या दापोडीच्या कारखान्यात ३४ वर्षं होते. बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. आई गेल्यापासून ते घराबाहेर फारसे पडत नाहीत. हिमालयाचं नाव काढल्यावर मात्र स्वतःहून नकाशा मागितला, त्यामुळे हा प्रवास नीट व्हावा अशी माझी फार इच्छा आहे.

सध्या आमच्याकडे छोटी हॅचबॅक आहे. गाडी आणि तयारी मिळून २२ लाखांपर्यंत जाऊ शकतो. डोक्यात तीन पर्याय आहेत : मारुतीची जिम्नी, महिंद्राच्या थार रॉक्सची डिझेल फोर-बाय-फोर, किंवा सात-आठ वर्षं वापरलेली मोठी लॅडर फ्रेमवाली (खाली वेगळी लोखंडी चौकट असलेली). नवऱ्याने सामानाची यादी केली आहे : छपरावरचा तंबू, विंच (रुतलेली गाडी ओढायची दोराची चरखी), लोखंडी बंपर, स्नॉर्केल (इंजिनाला छपराच्या उंचीवरून हवा देणारी नळी), मोठे टायर, लाइटबार, छोटा फ्रीज. याची बेरीज साडेचार लाखांवर जाते. यादी बाबांना दाखवली तर एवढंच म्हणाले, "आणि हे सगळं ओढणार कोण?"

घाटात गाडी चालवायची सवय आहे, पण फोर-लो मध्ये (चारही चाकांना ताकद आणि लो रेंज, म्हणजे कमी वेगाचे जोरदार गिअर) एकदाही चालवलेली नाही. गाडी कोणती घेऊ आणि यादीतलं खरोखर काय लागतं?

---

मुठेकाठचा (८ जून, रात्री ११.०२)

डोळे मिटून जिम्नी घ्या. माझ्याकडे आहे, ३१,००० किलोमीटर झाले. बायको आणि मी स्पिती करून आलो. ग्राम्फूपासून लोसरपर्यंत रस्ता कसला, दगडांचं पात्रच आहे, पण गाडी हलकी असल्याने कुठेही रुतली नाही. अरुंद जागी समोरून ट्रक आला तरी वळवायला त्रास नाही. लो रेंज आहे, मागे-पुढे अखंड अ‍ॅक्सल आहेत, अजून काय पाहिजे?

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. टाकी ४० लिटरची आहे, त्यामुळे पंप दिसला की भरायचंच. आणि चार माणसं बसवली तर मागे सामानाला जागा राहत नाही. आम्ही मागची सीट पाडूनच गेलो होतो.

---

नाना_टूलरूम (९ जून, सकाळी ६.४०)

ऋजुताताई, आधी बाबांना माझा नमस्कार सांगा. दापोडीच्या माणसाने बरोबर जागी बोट ठेवलं आहे. मी भोसरीत टूलरूममध्ये आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे, आणि सुट्ट्यांमध्ये पंचवीस वर्षं लांबचे प्रवास केले आहेत. त्यातून एकच गोष्ट ठामपणे सांगतो. गाडीचं नाव ठरवण्याआधी वजनाचा हिशेब करा.

प्रत्येक गाडीला कंपनीने एकूण वजनाची मर्यादा ठरवून दिलेली असते. माणसं, इंधन, सामान सगळं धरून. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की तुमच्या वाट्याला काय येतं ते कळतं. शोरूममध्ये हा आकडा कुणी आपणहून सांगत नाही. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत असतो.

जिम्नीचंच घ्या. पाच दारांची जिम्नी रिकामी साधारण १,२१० किलो भरते. मर्यादा १,५४५. हाती उरले ३३५ किलो. तुम्ही तिघं कपड्याबुटांसकट २१० धरा. राहिले १२५. आता यजमानांची यादी : छपरावरचा तंबू ५५ ते ६० किलो, त्याखालचा रॅक २०, विंच दोरासकट तीसच्या पुढे, लोखंडी बंपर ४०. मर्यादा ओलांडली सुद्धा. अजून पाण्याचा थेंब नाही, शिधा नाही, हत्यारं नाहीत, बाबांच्या स्वेटरची पिशवी नाही. मुठेकाठचा यांचं म्हणणं चूक नाही. दोन माणसं आणि आटोपशीर सामान असेल तर जिम्नीसारखी गाडी नाही. तुमचं गणित मात्र वेगळं आहे.

मी यावर एवढा का अडून बसतो ते सांगतो. २०१६ मध्ये मी, सौ. आणि एक मित्र लेहला निघालो होतो. गाडी मागे कमानपाट्यांची, दणकट. ती दणकट आहे या भरवशावर मी छपरावर लोखंडी कॅरिअर टाकलं, त्यावर दुसरी स्टेपनी, डिझेलचे दोन कॅन, स्वयंपाकाची पेटी, खुर्च्या. अंबाल्याजवळ एका ढाब्यासमोर भुईकाटा होता. वजन करावं असं मनात आलंही, पण उशीर होईल म्हणून पुढे गेलो. पांगच्या वर मोरे मैदानात रस्ता सरळ आणि सपाट दिसतो म्हणून वेग घेतला आणि एका आडव्या चरात मागचं चाक आपटलं. डावीकडचा मुख्य पाटा तुटला, अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकला. दुपारचे तीन वाजले होते, उंची साडेचार हजार मीटरच्या वर, आणि वारा असा की दार धरून उघडावं लागत होतं.

दोन तासांनी पंजाबमधल्या एका ट्रकवाल्याने गाडी थांबवली. त्याने पाट्याखाली लाकडाचा ठोकळा बसवला, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणि बाइंडिंग तार गुंडाळून सगळं आवळलं आणि आमचं निम्मं सामान स्वतःच्या ट्रकमध्ये टाकलं. लेहपर्यंत दर तासाला थांबून माझ्यासोबत तार तपासली. पैसे घेतले नाहीत. लेहमध्ये पाटा बदलला आणि खुर्च्या, पेटी, जास्तीची भांडी मिळून चार पार्सलं करून पोस्टाने पुण्याला पाठवली. परतताना अंबाल्याच्या त्याच काट्यावर थांबलो. चार पार्सलं कमी होऊनही गाडी मर्यादेच्या ७० किलो वर होती. त्या दिवशी सौ. ज्या घाबरल्या त्याला मी जबाबदार होतो, आणि म्हणून हे लिहितो आहे.

उंचीचा दुसरा हिशेबही वजनाशीच जोडलेला आहे. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर १०० मीटरला साधारण एक टक्का कमी होते. लेहच्या वाटेवरची तांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, म्हणजे १०५ हॉर्सपॉवरचं इंजिन पन्नास-पंचावन्नचं होऊन बसतं. टर्बो असलेलं इंजिन ही कसर बरीच भरून काढतं. हलक्या गाडीला त्या पन्नासात भागवता येतं. भरलेल्या गाडीचा पहिल्या गिअरमध्ये क्लच जळायला लागतो.

आता यादी.

छपरावरचा तंबू नको. वजन सगळ्यात उंच जागी जातं, वळणावर गाडी झुकते. त्याहून मोठं कारण बाबा. ७१ वर्षांचा माणूस रात्री दोनदा उठणार, शून्याच्या आसपास थंडीत शिडीने उतरणार आणि परत चढणार? किन्नौर-स्पितीत गावोगावी होमस्टे आहेत, गरम पांघरूण आणि गरम जेवण मिळतं. अडचणीसाठी जमिनीवरचा सहा किलोचा तंबू पुरे.

विंच नको. विंचला दोर बांधायला झाड लागतं नाहीतर दुसरी गाडी. काझ्यापासून लेहपर्यंतच्या माळावर झाड शोधून दाखवा. त्याऐवजी मजबूत फावडं, चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या आणि ताण खाऊन परत येणारा टोचनचा चांगला दोर. दोर कंपनीने दिलेल्या टोचनच्या हुकालाच लावायचा. बंपरला नाही आणि ट्रेलर जोडायच्या गोळ्याला तर कधीच नाही. तो गोळा तुटून सुटला तर तोफगोळ्यासारखा येतो.

स्नॉर्केलचा फायदा पाण्यापेक्षा धुळीत जास्त. या वाटेसाठी तो लागत नाही. हिमनदीच्या पाण्याचे नाले सकाळी गुडघ्याच्या खाली असतात, ऊन चढलं की बर्फ वितळून दुपारी दुप्पट होतात. बातलकडची वाट सकाळी सातला पार करणाऱ्याला स्नॉर्केल लागत नाही.

लाइटबार नको, कारण रात्री चालवायचंच नाही. फ्रीज घरी ठेवा. सप्टेंबरात तिथे बाहेरची हवाच फ्रीज असते. मोठे टायर नकोत. मूळ मापाचेच, पण ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे). त्यावर वेगळं लिहीन.

गाडीबद्दल माझं मत : तिघांसाठी, त्यात एक वयस्कर, मोठी लॅडर फ्रेमची टर्बो डिझेल. नवी घेतली तर रॉक्स चालेल, स्कॉर्पिओ-एन फोर-बाय-फोर बघा, पाच दारांची गुरखा बघा. गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफ्रेन्शियल लॉक (एक चाक नुसतं फिरू लागलं तर दोन्ही चाकं एकत्र फिरवणारे) आहेत आणि ६३.५ लिटरची टाकी आहे. पण बाबांना घेऊन जा आणि प्रत्येक गाडीत दहा वेळा चढायला-उतरायला लावा. चाळीस दिवसांत ते चार-पाचशे वेळा चढ-उतार करणार आहेत. गुडघ्यांनी नापसंत केलेली गाडी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

वापरलेली घेतलीत तर मला जास्त आवडेल. मार्च २०२० पर्यंतच्या बीएस-४ (धुराच्या नियमांची आधीची पायरी) डिझेलमध्ये एक्झॉस्टचं काम सोपं असतं. नव्या बीएस-६ डिझेलमध्ये काजळी जाळणारा फिल्टर असतो, त्याला मधूनमधून एका लयीत चालणं लागतं. दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडलं की दिवा लागतो. दिवा लागला तर घाबरू नका, पण इंजिन बंदही करू नका, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे चालवून फिल्टर साफ होऊ द्या. ज्या गाडीला डीईएफ (धूर साफ करणारं युरियाचं पाणी) लागतं तिच्यासाठी एक कॅन सोबत ठेवा. ते उणे ११ अंशाला गोठतं, सप्टेंबरात तशी वेळ सहसा येत नाही.

वापरलेली गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका. फ्रेमवर नवा रंग किंवा वेल्डिंग दिसलं तर मागे फिरा. दोन्ही डिफ्रेन्शियलचा बोल्ट काढून ऑइल बघा. ताकासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलेलं आहे. फोर-लो टाकून मुरुमावर शंभर मीटर चालवा. कित्येक गाड्यांमध्ये ते वर्षानुवर्षं वापरलेलंच नसतं आणि लिव्हर जाम असतो.

---

पर्वतीदर्शन (९ जून, दुपारी १.२०)

नानांनी सगळं लिहिलंच आहे, मी कायद्यापुरतं सांगतो. विम्याचे दावे बघणं हे माझं काम आहे.

लोखंडी बंपर, म्हणजे क्रॅश गार्ड, यांवर रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ पासून बंदी घातली आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीने ठरवलेल्या रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. बदल केलेल्या गाडीला अपघात झाला की सर्व्हेअर पहिला फोटो त्या बदलाचाच काढतो. एअरबॅगवाल्या गाडीला पुढे लोखंड लावलं तर धक्का ओळखणाऱ्या सेन्सरचं गणितही बिघडतं.

जे काही बसवाल ते विमा कंपनीला लेखी कळवा. जुनी घेतलीत तर आरसी आणि विमा दोन्ही तुमच्या नावावर झाल्याशिवाय निघू नका. फक्त आरसी बदलून विमा जुन्या मालकाच्या नावावर राहिल्याने अडकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. संगम पुलाच्या आरटीओत हेलपाटे घालायला तुमच्याकडे अजून अडीच महिने आहेत, आजच सुरुवात करा.

---

ऋजुता_कर्वेनगर (२९ जून, रात्री ९.३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. नाना, तुमचा मोरे मैदानाचा प्रसंग बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मुख्य पाटा तुटला तर अ‍ॅक्सल सरकणारच. ट्रकवाला जाणता होता."

गाडी घेतली! सात वर्षांची, एकाच मालकाची, टर्बो डिझेल, लॅडर फ्रेम, लो रेंजसकट. नाव लिहीत नाही, नाहीतर चर्चा ब्रँडवर जाईल. बाबा स्वतः लिफ्टखाली उभे राहिले. आधीच्या दोन गाड्या त्यांनी नाकारल्या, एकीचं मागच्या डिफ्रेन्शियलचं ऑइल तुम्ही लिहिलंत तसंच पांढरट निघालं. विमा आणि आरसी दोन्हींचे अर्ज दिले आहेत.

यादीतून तंबू, विंच, बंपर, स्नॉर्केल, लाइटबार, फ्रीज सगळं गेलं. नवरा दोन दिवस नाराज होता, आता तोच स्वयंपाकघराच्या काट्यावर कढया तोलतो आहे.

आता टायर, हवा आणि सराव याबद्दल लिहाल का? सुटे भाग काय काय घ्यावेत?

---

नाना_टूलरूम (३० जून, सकाळी ७.०५)

वा! बाबांनी दोन गाड्या नाकारल्या हे वाचून बरं वाटलं.

टायर. मूळ मापाचे ऑल-टेरेन पाच घ्या, चार नाही. स्टेपनी त्याच मापाची, त्याच नक्षीची. जुनी गुळगुळीत स्टेपनी पार्ट-टाइम (गरजेपुरतंच फोर-व्हील लावायच्या) फोर-बाय-फोरमध्ये अडचण करते, कारण चाकांच्या घेरात फरक पडला की फोर-व्हील लागलेलं असताना यंत्रणेवर ताण येतो. घेताना टायरवरचा भाराचा आकडा बघा, मूळ टायरपेक्षा कमी नको. चिखलाचे जाड दातांचे टायर घेऊ नका. तुमच्या प्रवासातला निम्म्याहून जास्त रस्ता डांबरी आहे, त्यावर ते घोंगावतात आणि पावसात ब्रेक लांब लागतो.

हवा. पुण्याहून चंदीगडपर्यंत पूर्ण भारासाठी कंपनीने सांगितलेली. दगडगोट्यांच्या रस्त्यावर तिच्यातून पाव हिस्सा कमी करा, मग टायर दगडावर पसरतो, फाटत नाही आणि बाबांच्या कंबरेलाही आराम पडतो. हवा कमी असताना चाळीसच्या वर जायचं नाही. डांबर लागलं की परत भरायची. म्हणून कॉम्प्रेसर हवाच, आणि तो थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचा मोठ्या टायरला दमतो आणि फ्यूज उडवतो.

एक बारीक गोष्ट. पुण्यात भरलेली हवा वर गेल्यावर मीटरवर जास्त दिसते, कारण बाहेरचा दाब घटलेला असतो. पाच हजार मीटरवर हा फरक सहा पीएसआयच्या आसपास जातो. थंडीने थोडा दाब उतरतो, तरी वाढ उरतेच. रोज सकाळी चाकं गार असताना मोजा आणि वहीत लिहा. एकाच चाकाचा आकडा रोज दोन-तीनने उतरत असेल तर खिळा बसलेला आहे, दिसत नसला तरी.

सराव. जुलैचा एक शनिवार-रविवार काढा. वेल्ह्यावरून केळदकडे जा, मढे घाटाच्या वरच्या अंगाला. पावसात लाल चिखल, चाकोऱ्या, ओढे सगळं मिळतं. दुसरी गाडी सोबत असूद्या. आधी पायी चालून बघायचं, काठीने पाण्याचा तळ चाचपायचा, मगच गाडी. फोर-लो, पहिला गिअर, उतारावर ब्रेकवरून पाय काढून बघा. इंजिन स्वतःच गाडीला आवरून धरतं, हे एकदा पायाला कळलं की काझ्याच्या उतारावर भीती वाटत नाही. आणि एक पथ्य : पार्ट-टाइम गाडीत कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावायचं नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो फरक जिरवायला मध्ये काही नसतं, आणि ताण गिअर-शाफ्टवर येतो. चिखल संपला की लगेच टू-व्हील.

तिघांनीही स्वतःच्या हाताने एकदा चाक बदला, चिखलात. जॅकखाली ठेवायला एक फूट बाय एक फूट जाड फळी लागते, ती नसेल तर जॅकच जमिनीत जातो. बाबांना हे सांगायची गरज नाही, पण त्यांना बसवून ठेवा आणि यजमानांना करायला लावा.

त्या दोन दिवसांत चाळीस दिवसांचं पूर्ण सामान गाडीत हवं. परत आल्यावर सगळं बाहेर काढा. ज्या वस्तूला हात लागला नाही तिचा एक ढीग. औषधं, हत्यारं आणि सुटे भाग सोडून त्या ढिगातलं सगळं घरी राहील.

सुटे भाग. नाना पेठेत एक सकाळ घालवा. पंख्याचा बेल्ट, रेडिएटरचे वरचे-खालचे दोन्ही होज, डिझेल फिल्टर दोन, एअर फिल्टर एक, ब्रेक पॅडचा एक संच, चार व्हील स्टड-नट, फ्यूज, हेडलाइटचे बल्ब, दोन लिटर इंजिन ऑइल, एक लिटर कूलंट. एम-सील, बाइंडिंग तार, केबल टाय, पंक्चर किट. दोर, ताडपत्री आणि पट्टे बोहरी आळीत स्वस्त आणि मजबूत मिळतात. यापेक्षा जास्त भाग घेऊ नका. काढलेला जुना बेल्ट चांगला असेल तर तोच सोबत ठेवा आणि नवा गाडीला चढवा. नवा आयत्या वेळी बसला नाही असं होत नाही मग.

निघण्याआधी गाडीत करून घ्यायचं : सस्पेन्शनचे सगळे रबरी बुश, व्हील बेअरिंग, कूलंट, आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदलून. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि लांब उतारावर तापून उकळतं, मग पेडल थेट जमिनीला लागतं. बॅटरी तीन वर्षांच्या वरची असेल तर नवी.

डिझेल. केलाँगच्या अलीकडे टांडीला पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर अशी तिथली पाटी प्रसिद्ध आहे. काझ्यातही पंप आहे. हानलेला वळणार म्हणजे तुमचा फेरा वाढतो, त्यामुळे टाकी भरून शिवाय वीस लिटर, लोखंडी कॅनमध्ये. वीस लिटर डिझेल म्हणजे साधारण १७ किलो, तेही हिशेबात धरा.

स्वयंपाकाचं सौ. सांगताहेत ते लिहितो : साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशाच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तांदूळ शिजत नाही. तीन लिटरचा छोटा कुकर घ्याच. बाकी मेतकूट, भाजलेलं पिठल्याचं पीठ, सातूचं पीठ. याला वजनही कमी आणि बाबांच्या पोटालाही बरं.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने मुख्य. सगळं भरून, टाकी फुल करून, तिघं आत बसून भुईकाट्यावर जा. चाकणच्या रस्त्याला आहेत. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा. वजाबाकी केली की मागच्या अ‍ॅक्सलवर किती येतं ते कळतं. एकूण मर्यादेत असूनही मागचा अ‍ॅक्सल जास्त भरलेला असू शकतो. माझा तसाच होता.

---

भूलतज्ज्ञ_सातारारोड (३० जून, रात्री १०.५०)

किन्नौरमार्गे चढण्याचा क्रम उत्तम आहे, मनालीकडून उलटं जाऊ नका. ३,००० मीटरनंतर झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवायचा नाही. जिथे रस्ता हे जमू देत नाही तिथे आधीच्या गावात एक रात्र वाढवा. बाबांचं ईसीजी आणि बीपीच्या गोळ्यांचा आढावा त्यांच्या डॉक्टरांकडून आधीच करून घ्या, उंचीचा त्रास टाळायची गोळी त्यांना विचारूनच. चालताना तोल जाणं, बसल्या जागी धाप, गोंधळून बोलणं यातलं एकही दिसलं तर वाट न बघता, रात्र असली तरी, गाडी खाली वळवायची.

---

ऋजुता_कर्वेनगर (१० ऑगस्ट, रात्री ८.४५)

केळदला जाऊन आलो. ओढ्याच्या काठी पहिल्याच चढावर गाडी रुतली, डावं मागचं चाक नुसतं फिरत राहिलं. मी घाईने अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि ते आणखी खोल गेलं. बाबा शांतपणे उतरले, चाकासमोरचा चिखल फावड्याने काढायला लावला, पट्ट्या टाकायला लावल्या आणि म्हणाले, "आता गाडीला ओरडू नकोस, हळू सोड." फोर-लो, दुसरा गिअर, आणि गाडी बाहेर. तो उतार पुढे मी चार वेळा उतरले.

हात न लागलेल्या वस्तूंचा ढीग ५२ किलोचा निघाला. त्यात माझी पुस्तकं होती, नवऱ्याचा ड्रोन होता, बाबांची लाकडी घडीची खुर्ची होती. खुर्ची परत आत ठेवली. बाबांना जमिनीवर बसवत नाही.

काल चाकणच्या रस्त्यावर भुईकाट्यावर गेलो. सगळं भरून मर्यादेपेक्षा ८५ किलो कमी. पण तुम्ही म्हणालात तेच झालं, मागचा अ‍ॅक्सल त्याच्या मर्यादेला जवळपास टेकलेला. पाण्याचे कॅन आणि हत्यारांची पेटी शेवटच्या टोकातून काढून मागच्या सीटच्या पायाशी, बाबांच्या शेजारच्या रिकाम्या जागेत हलवली. दुसऱ्यांदा वजन केलं, मागून ३५ किलो उतरले. काट्यावरच्या माणसाने दुसऱ्या पावतीचे पैसे घेतले नाहीत, कुठे जाणार म्हणून विचारलं आणि हानलेचं नाव वहीत लिहून घेतलं.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर व्हीलनट परत तपासायचे आहेत, आणि बाबांना ते अंदाजाने आवळायचे नाहीत. टॉर्क पाना (ठरलेल्या मापानेच आवळणारा) हवा आहे. नाना, तुमच्याकडचा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मिळेल का? त्यांनी मुद्दाम विचारायला सांगितलं आहे.

---

नाना_टूलरूम (११ ऑगस्ट, सकाळी ६.२०)

पाना तेल लावून काढून ठेवला आहे. माप मागच्याच वर्षी तपासून घेतलेलं आहे, बाबांना तसं सांगा. रविवारी सकाळी भोसरीला या, नाश्त्याला थालीपीठ आहे. येताना गाडी पूर्ण भरून आणा, खाली झोपून पाटे-स्प्रिंगा एकदा मलाही बघू द्या.